दुकानातील रहाटी

जुन्या मराठीत 'राहाटणे' म्हणजे वागणे, आणि 'राहाटी' म्हणजे वागण्याची रीत. आजच्या भाषेत हा शब्द 'जनरहाटी'सारख्या जोडशब्दांत तगून आहे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, गेली बारा वर्षे पिंपरी-चिंचवडमधील रहाटणी येथे राहतो. गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगण्याचा आमचा हेतू नाही. पण प्राचीन मराठीचा तास घेऊन घरी परतताना बसच्या पाटीवरील 'रहाटणी' वाचले की कानात 'राहाटी' वाजतेच. हे सांगण्याचे कारण असे की, या लेखाचा विषय वागण्याच्या रीतीचा आहे आणि तो आम्हाला सुचला तो रहाटणीतील एका मोठ्या किराणा दुकानात, आमच्या पाच वर्षांच्या मुलीसह रांगेत उभे असताना. त्या रांगेत जे घडले ते पुढे येईल. आधी थोडा इतिहास.

दुकानात मूल नेणे ही मराठी समाजात तशी अलीकडची गोष्ट आहे. मूल दुकानात *जात* असे. त्याला *नेत* नसत. हातात तेलाची बाटली, मुठीत घामेजलेली नाणी, तोंडाने यादीची घोकणी, आणि वाटेत कुठे ठेच लागली की 'अर्धा शेर' आणि 'पाव शेर' यांची अदलाबदल. वाण्याने सामान बांधून दिल्यावर वर गुळाचा खडा हातावर ठेवायचा, हा त्या व्यवहारातील अलिखित करार होता. पुढे गुळाच्या खड्याची जागा लिमलेटच्या गोळीने घेतली. या गोळीत वाण्याचे वात्सल्य किती आणि गिऱ्हाईक टिकविण्याचे शहाणपण किती, हा प्रश्न आमच्या पिढीने बालपणी विचारला नाही. आता विचारून उपयोग नाही.

रहाटणीपासून देहू फार दूर नाही. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय होता, आणि सतराव्या शतकातील दुष्काळात त्याचे दिवाळे निघाले. चरित्रकारांनी रंगविलेली उसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: उसाची मोळी घेऊन निघालेले तुकोबा वाटेत भेटलेल्या पोरांना एकेक ऊस देत घरी पोहोचतात तेव्हा हातात एकच ऊस उरलेला असतो. भक्तिपरंपरेने ही गोष्ट वैराग्याची म्हणून जपली. आम्हाला मात्र तीत व्यापाराकडे पाहणाऱ्या लोकमनाचे एक स्वप्नही दिसते. मुलाने मागावे आणि दुकानदाराने मोजू नये, असे ते स्वप्न.

पण ही झाली ज्यांना दुकानाची पायरी चढता येत होती त्यांची कथा. मराठी वाङ्मयात दुकान, मूल आणि स्वच्छता ही तिन्ही एकत्र येतात असा आम्हाला माहीत असलेला सर्वांत जळजळीत प्रसंग बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मध्ये आहे. हे आत्मकथन १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. रानातून आणलेल्या मोळ्या विकून चार पैसे हाती आले की महारवाड्यातील बाया दुकानाकडे जात. त्यांनी थांबायचे ते दुकानाबाहेर, अंगणात. पदर नीट घ्यायचा, आवाज खाली ठेवायचा, स्वतःला हीन म्हणवून घेत शिकेकाई-खोबऱ्यासारखे क्षुल्लक जिन्नस मागायचे. अशा वेळी दुकानदाराची लहान मुले बाहेर येतात. बाप त्यांना शिकवितो की या बायांपासून दूर राहा, शिवू नका. आणि त्या बायाच मग मुलाला सांगतात की, धन्या, जवळ येऊ नका, विटाळ होईल. सामान वरून, लांबून टाकले जाते.

हा प्रसंग वर्गात शिकविताना आम्ही बहुधा अस्पृश्यतेच्या क्रौर्यावर बोलत आलो. ते बोलणे चुकीचे नव्हते. तथापि त्याचा एक पदर आमच्या नजरेतून इतकी वर्षे निसटला होता. हा प्रसंग *शिक्षणाचा* आहे. एक बाप आपल्या मुलांना दुकानात कसे वागावे आणि कोणापासून स्वच्छ राहावे, हे शिकवीत आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर हा शिष्टाचार आणि आरोग्य यांचा पाठ आहे. त्या दारात उभ्या असलेल्या बायांच्या अंगावरची धूळ रानातील मोळ्यांची होती. पण ज्याला 'घाण' म्हटले जात होते ती धुण्याने जाणारी नव्हती. मुलाला मात्र दोहोंतला फरक कळण्याची सोय नव्हती. त्याला शब्द एकच मिळाला. मराठीत 'शिवू नको' हे वाक्य गरम तव्याबद्दलही वापरले जाते आणि माणसाबद्दलही, आणि मूल दोन्ही एकाच वयात ऐकते.

बेबीताईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या स्त्रीने हा प्रसंग लिहिला ती पुढे फलटणमध्ये स्वतः दुकानदार झाली. पतीसह तिने आधी सुटी द्राक्षे विकली, मग किराण्याचे छोटे दुकान थाटले. दुकानात बसून, सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले छापील कागद ती वाची, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा चोरून लिही. पायरीखाली उभे राहणाऱ्यांच्या पोटी जन्मलेली मुलगी गल्ल्यामागे बसून त्या पायरीचा इतिहास लिहिते, याहून मोठी घटना मराठी किराण्याच्या इतिहासात आम्हाला तरी दिसत नाही.

कायद्याने ही पायरी त्याआधीच मोडली होती. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकानांत प्रवेश नाकारण्यास मनाई आहे. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांना सतरावा अनुच्छेद ठाऊक असतो. पंधराव्यातील 'दुकान' हा शब्द मात्र ते प्रथमच ऐकतात. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' म्हणजे नेमके काय, त्यात न्हाव्याचे आणि धोब्याचे येते काय, अशी पृच्छा झाली. डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, सेवा घ्यायला येणाऱ्या कोणालाही ती देण्याची ज्याची तयारी आहे अशा माणसाची जागा म्हणजे दुकान. म्हणजे दुकानाची व्याख्या त्यांनी मालावरून केली नाही, येणाऱ्यावरून केली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व्याख्या कशी करावी याचा नमुना म्हणून हा उतारा वाचावा.

त्याच १९४८ साली मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ग्राहकांची सहकारी संस्था काढली. पुढे ती 'अपना बाजार' या नावाने घरोघर पोहोचली. मालक आणि गिऱ्हाईक हे नातेच तिथे सैल झाले होते, कारण सभासद हाच मालक. सत्तरच्या दशकातील महागाईत ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये आणि मुंबईत १९७५ मध्ये ती आकाराला आली. मुंबई ग्राहक पंचायतीच्या पद्धतीत तर दुकानच नव्हते. काही कुटुंबांचा गट, महिन्याची एकत्र मागणी, आणि सभासदांनीच केलेले वाटप. मूल या व्यवहारात गिऱ्हाईक म्हणून नव्हे तर घरातला एक हात म्हणून वावरे. या संस्थांवर मराठीत आठवणी पुष्कळ आहेत, समाजभाषेच्या अंगाने अभ्यास जवळजवळ नाही. एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय घ्यावा, अशी सूचना येथे जाता जाता करतो.

गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून माल उचलावा, ही कल्पना मात्र आपली नव्हे. अमेरिकेत मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स याने १९१६ मध्ये 'पिगली विगली' या नावाने असे दुकान उघडले. तोवर तिथेही गल्ल्यापलीकडचा माणूसच माल काढून देई. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकांची गाडी आणली तेव्हा बायका ती घेईनात. बाबागाड्या ढकलून आम्ही आधीच दमलो आहोत, अशी त्यांची तक्रार असल्याचे सांगतात. गोल्डमनने मग गाडी ढकलत नुसते फिरण्यासाठी माणसे पगारावर ठेवली. बाबागाडीची आठवण नको म्हणून नाकारलेल्या त्या गाडीतच पुढे मूल बसविण्याची जागा आली, हा इतिहासाचा एक गमतीदार वळसा म्हणायचा. घरात ज्याला सांभाळायला कोणी नाही ते मूल सोबत नेता यावे, आणि आईने दुकानात अधिक वेळ रेंगाळावे, असे दोन्ही हेतू त्या छोट्या आसनाने साधले.

आपल्याकडे ही पद्धत सर्वसामान्य मध्यमवर्गापर्यंत पोहोचली ती नव्या शतकात. 'बिग बझार' २००१ मध्ये सुरू झाला. 'डी-मार्ट'चे पहिले दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला उघडले. 'बिग बझार'चे किशोर बियाणी यांनी चकचकीत परदेशी नमुना टाळून दुकानात मुद्दाम बाजाराची गर्दी आणि धान्याचे उघडे ढीग ठेवले, कारण गिऱ्हाइकाला तांदूळ हातात घेऊन पाहिल्याशिवाय चैन पडत नाही हे त्यांनी ओळखले होते. ते दुकान २०२२ मध्ये बंद पडले, पण ती खूण बरोबर होती. पुण्याच्या दुकानदाराच्या तुसडेपणावर पु. ल. देशपांडे यांनी आयुष्यभर पुरेल एवढे हसवून ठेवले आहे. त्या दुकानातील पहिला नियम वस्तूला हात लावू नये हा असे. नव्या दुकानाने हा नियमच उलटा केला. हात लावा, उचला, वास घ्या, ठेवून द्या. कोणी विचारणार नाही, तुम्ही कोण.

शेवटचे वाक्य आम्ही जपून लिहीत आहोत. कोणी विचारत नाही हे खरे. पण दारावरचा पहारेकरी कोणाची पिशवी किती बारकाईने पाहतो, हेही आम्ही पाहिले आहे. तरीही अंगण आणि ओटा यांतील ती उंची इथे नाही, आणि ही लहान गोष्ट नव्हे.

रहाटणी हे पवनेच्या पश्चिमेचे शेतीचे गाव. पलीकडे पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि नव्वदच्या दशकाअखेरीस हिंजवडीत संगणक उद्योग आला. शेतांवर आधी बैठ्या चाळी उठल्या, मग सोसायट्या. नखाते वस्तीच्या गल्ल्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे एका खोलीत राहतात आणि कोकणे चौकाच्या बाजूला अकराव्या मजल्यावर आमच्यासारखी. ही दोन्ही रहाटणी एकमेकांना फारशा भेटत नाहीत. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, बागेतल्या वेळाही वेगळ्या. भेटतात ती मोठ्या दुकानात, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, पगार झाल्यावर.

तशाच एका शनिवारची ही गोष्ट. रांग लांब होती. आमच्या पुढे कारखान्याचा निळा गणवेश घातलेला एक गृहस्थ, त्याची पत्नी आणि चार-पाच वर्षांचा मुलगा उभे होते. गाडीत तेलाचा डबा, तांदूळ, साबणाच्या वड्या. काउंटरजवळ मुलांच्या उंचीवर गोळ्या-चॉकलेटांच्या बरण्या असतात. त्या तिथे का असतात हे सर्व पालक जाणतात. आमची मुलगी आणि तो मुलगा दोघेही एकाच बरणीवर हात ठेवून आतल्या रंगीत गोळ्या मोजू लागले. त्याचे नाक वाहत होते, नखांत काळे होते. मुलीने आपल्या हातातील बिस्किटाचा तुकडा त्याला दिला आणि उरलेला तोंडात घालणार तोच आमच्यापैकी एकाने तिचा दंड धरून मागे ओढले. कोणी, ते महत्त्वाचे नाही. दुसऱ्याच्याही तोंडी तेच होते. शब्द असे होते: "त्याला हात लावू नकोस, घाण आहे."

त्या बाईने ऐकले. ती भांडली असती तर बरे झाले असते. तिने आपल्या मुलाला जवळ ओढले, त्याचा हात आपल्या पदराने पुसला आणि म्हणाली, "इकडं ये बाळा, त्यांना लागशील."

घरी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. 'जिणं आमुचं' आम्ही दोघांनी मिळून किती वर्षे शिकविले असेल. त्या पुस्तकातील अंगण आम्ही फळ्यावर आकृती काढून समजावले आहे. कोण कुठे उभे, कोण काय बोलले. आणि त्या शनिवारी एकही वाक्य गाळले गेले नाही, अगदी समोरच्या बाईचे वाक्यसुद्धा. त्या कुटुंबाची जात आम्हाला ठाऊक नव्हती. त्यांना आमची नव्हती. गरज पडली नाही. आमच्या बचावासाठी आम्ही त्या रात्री आरोग्याचा मुद्दा काढून पाहिला. तो टिकला नाही, कारण सर्दी आमच्या मुलीलाही होती. दोन दिवसांपासून होती, शाळेत पाठविले नव्हते, आणि घरी कोणाजवळ ठेवायचे म्हणून दुकानात आणली होती.

म्हणून स्वच्छतेचा मुद्दा आम्ही जरा नीट पाहिला, आणि येथे थोडे गद्य व्हावे लागेल. दुकानातील रोगाचा रस्ता माणसाकडून जातो तसा वस्तूंवरूनही जातो. अॅरिझोना विद्यापीठातील चार्ल्स गर्बा यांना खरेदीच्या गाड्यांच्या दांड्यांवर आतड्यातले जिवाणू सापडले. अमेरिकेतच २००६ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत असे दिसले की, कच्च्या मांसाच्या पुड्याशेजारी गाडीत बसविलेल्या तान्ह्या मुलांना साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंची बाधा होण्याचा धोका अधिक असतो. २००६ मध्येच तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने गाडीतून पडून होणाऱ्या इजांबद्दल पालकांना सावध केले. मूल गाडीत उभे राहणे, सामानाच्या भागात बसणे, बाहेरून लटकणे या तिन्ही गोष्टी आपण रोज पाहतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत दहा वर्षांखालील मुलांना घरीच ठेवण्याची सूचना आली आणि दुकानांत जमिनीवर चौकोन आखले गेले. त्या काळात दांडा पुसण्याची सवय सर्वांना लागली होती. चौकोन पुसट झाले तशी सवयही गेली.

म्हणजे करण्यासारखे जे आहे ते साधे आहे. आजारी मुलाला शक्यतो नेऊ नये. न्यावेच लागले तर शिंक कोपरात द्यायला शिकवावे. दांडा आपण पुसावा. मांस आणि अंडी मुलापासून दूर ठेवावीत. घरी आल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि तोवर दुकानात काही खाऊ घालू नये. बिल होण्याआधी पुडा फोडू नये, हा नियम आरोग्याचा कमी आणि सचोटीचा अधिक. पण मुलाला तो सर्वांत अवघड जातो, आणि आम्हाला सांगायला लाज वाटते की वजन होण्याआधी द्राक्षे चाखणारी मोठी माणसे त्याच्या डोळ्यांसमोरच असतात. यांतील एकाही नियमासाठी समोरच्या मुलाकडे बोट दाखविण्याची आवश्यकता पडत नाही. 'घाण' हा शब्द माणसाला लावल्याशिवाय ही सारी यादी पुरी होते, हे आम्हाला चाळिशी ओलांडल्यावर, यादी लिहिताना कळले.

यंदा तो उतारा शिकविताना आम्ही वर्गात रांगेतली गोष्टही सांगितली. सांगावी की नाही यावर आमच्यात मतभेद होता. वर्गात काही काळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, जो संध्याकाळी अशाच एका दुकानात बिलिंगचे काम करतो, उठून उभा राहिला. आमच्या वागण्याबद्दल तो काही बोलला नाही. त्याने कामाची माहिती दिली. रात्री दुकान बंद होताना काउंटर पुसतात, गाड्यांचे दांडे पुसले जात नाहीत. मुलांना बुटांसकट गाडीत उभे करतात आणि त्याच जागी पुढचा माणूस पिठाची पिशवी ठेवतो. फोडून, अर्धे खाऊन फळीच्या मागे दडवलेले पुडे रोज सापडतात. "आणि मॅडम," तो म्हणाला, "ते दडवताना मूल एकटं नसतं. शेजारी मोठं माणूस असतं." मग त्याने विचारले की परीक्षेत या उताऱ्यावर प्रश्न आला तर रांगेचा प्रसंग लिहिलेला चालेल काय.

आम्ही हो म्हणालो.